तिसऱ्या मजल्यावरचं खारं पाणी

"उकळलीस?" मी विचारलं.

"हो," संदेश स्वयंपाकघरातून म्हणाला.

त्यानं बाटली आणून दिली. मी तिच्या बुडाला बोट लावलं. बूड गार होतं, नळाच्या पाण्याइतकं. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं दाराकडे. नेमकी तेव्हाच बेल वाजली.

"आली," तो म्हणाला आणि वरात दारात आल्यासारखा धावला.

चार हमालांनी टाकी तिसऱ्या मजल्यापर्यंत वाहून आणली होती. चार फूट लांब, जाड काचेची, एका कोपऱ्यात बारीक ओरखडा असलेली. जुनीच, पण नव्या टाकीचं नावही काढायची आमची ऐपत नव्हती. कर्णिक मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त होऊन त्या मुलीकडे बंगळूरला चालल्या होत्या आणि त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी, पंप, दिवे, दगड सगळं त्यांनी संदेशला दिलं होतं. मासे मात्र टाकी नीट लागेपर्यंत त्यांच्याकडेच राहणार होते.

संदेश वेंगुर्ल्याचा. नोकरीसाठी नाशकात येऊन बरीच वर्षं झाली तरी गोदावरीला तो नदी म्हणून हात जोडायचा, पण पाणी म्हणायला तयार नसायचा. समुद्र नाही तर समुद्राचा तुकडा तरी घरात हवा, हे त्याचं लग्नाआधीपासूनचं वेड. ते मी हसण्यावारी न्यायचे. पण रेवती झाल्यावर माझं हसणं जरा कमीच झालं होतं.

रेवती वेळेआधी झाली. तिला जंतुसंसर्ग झाला आणि पहिले काही आठवडे ती काचेच्या पेटीत होती. मी हात कोपरापर्यंत धुऊन तिच्या बरगड्या वरखाली होताना बघत बसायचे. त्याआधी मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. दुधातले जंतू काचेच्या थाळीत वाढवून मोजायचे, हेच माझं काम. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारं काय काय असतं, ते मला जरा जास्तच दिसायचं. बाटल्या, चमचे, वाट्या, सगळं एका मोठ्या स्टीलच्या पातेल्यात रोज उकळायचं हा आमच्या घरातला नियम होता. त्या पातेल्यात दुसरं काही करायचं नाही, हाही.

रेवती तेव्हा दीड वर्षाची होती. धरून धरून चालायची आणि हाताला लागेल ते तोंडात घालायची.

टाकीला मी होकार दिला तो माझ्या अटींवर. लोखंडी स्टँड भिंतीला बोल्टनं पक्का हवा. वायरी तिच्या हाताच्या वर. आणि टाकीला कडी लागेल असं झाकण. संदेशनं सगळं कबूल केलं. धोका जिथून जिथून येऊ शकेल त्या सगळ्या वाटा मी बंद केल्या होत्या.

हमाल गेल्यावर त्यानं दोन निळे टब बाथरूममध्ये नेले. त्यात खारं पाणी आणि दगड होते, डोक्याएवढे, भोकाभोकांचे, कुठे जांभळट, कुठे शेवाळी.

"हे जिवंत दगड," तो म्हणाला. त्याचा आवाज असा होता की जणू रेवतीचं बारसं करतोय. "टाकी सगळी यांच्यावर चालते. पाणी हेच साफ ठेवतात."

"दगड जिवंत?"

"दगडावरचं जिवंत. ही बटणं बघ, प्रवाळासारखेच जीव. आत्ता मिटलीत. दिवे लावले की उमलतात. हिरवी, मध्ये केशरी."

मी वाकून पाहिलं. एका दगडावर तपकिरी बटणांचा गालिचाच होता. बघता बघता त्याच्या शेजारच्या भोकातून काहीतरी गुलाबी, केसाळ, पुष्कळ पायांचं बाहेर आलं, चाचपडलं आणि पुन्हा आत गेलं.

"संदेश, त्यात गोम आहे."

"गोम नाही. किडा आहे तो. उष्टं-खरकटं खातो, बिचारा."

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या महिनाभर आमच्याकडे राहायला आल्या होत्या. "समुद्रातल्या दगडात किडे असायचेच गो," त्या म्हणाल्या. "आम्ही कालवं काढायला जायचो तेव्हा बोटांना लागायचे."

"आई, ही सगळं तोंडात घालते."

"एवढा मोठा दगड कसा घालेल तोंडात? त्यापेक्षा तू तुझा रागच दे तिला चघळायला. तो कधी संपायचा नाही."

संदेश हसला. मला हसू आलं नाही. "मी एकदाच सांगते," मी म्हटलं. "हे किडे घरात राहणार नाहीत. ते जातील नाही तर टाकी जाईल."

"कर्णिक मॅडमनी बजावलंय. दगड घासायचे नाहीत, उकळायचे नाहीत. दगड मेले की टाकी मेली."

"मग मरू दे."

तो टबावर झुकून दगडांकडे बघत राहिला. सासूबाई पदर खोचत भजनाच्या सरावाला खाली निघून गेल्या.

दुपारी मी झाकण आणायला सातपूरला गेले. अॅक्रिलिकचं काम करणाऱ्याला मी कोपरे गोल करायला सांगितले होते, आणि ते स्वतः हात फिरवून बघितल्याशिवाय मी झाकण घेणार नव्हते. निघताना रेवती तिच्या जाळीच्या पाळण्यात बसून पोळीचा तुकडा चघळत होती. खिडक्या बंद होत्या. समोर इमारतीचं काम चालू होतं, त्या धुळीसाठी त्या बंद ठेवायच्या हा नियमही माझाच.

परत आले तेव्हा दार उघडताच एक वास आला. वेंगुर्ल्याच्या जेटीवर ओहोटीनंतर येतो तसा, पण शिजलेला. संदेश सोफ्यावर शाल घेऊन बसला होता. भर दुपारी. रेवती त्याच्या छातीवर पडली होती.

"काय झालं?"

"थंडी वाजतेय जरा." तो खोकला. "तोंड कसंतरीच झालंय. पत्र्याचा तुकडा चघळल्यासारखं."

मग रेवती खोकली. लहान, कोरडा खोकला, एकापाठोपाठ एक. मी तिला उचललं. अंग तापलं होतं. मी तिचा फ्रॉक वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. ते मी आधी पाहिलेलं होतं, काचेतून.

"गाडीची किल्ली."

"अगं व्हायरल असेल. दोघांनाही एकदमच..."

"किल्ली दे, संदेश."

जिन्यात सासूबाई भेटल्या. "मी पण येते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही घरी थांबा, आई. मोबाइल जवळ ठेवा."

गाडी मी चालवली. मागच्या सीटवर संदेशनं रेवतीला धरलं होतं. सिग्नलला थांबले की मी दोघांचे श्वास ऐकायचे. दोन्ही सारखेच घरघरत होते.

मुलांच्या दवाखान्यात डॉ. बागुल नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी रेवतीच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, स्क्रीनवरचा आकडा बघितला आणि नर्सला नुसती मान हलवून मास्क आणायला सांगितलं.

"केव्हापासून?"

"मी बाहेर गेले तेव्हा चांगली होती. पोळी खात होती."

"घरी कोण होतं?"

"मी," संदेश म्हणाला.

"काही फवारलंत का? ढेकणांचं, झुरळांचं? रंगकाम, धूप?"

"नाही."

"तुम्हीही खोकताय."

"सर्दी आहे."

"काही जळलं? गॅसवर काही उकळत राहिलं?"

"नाही," संदेश म्हणाला आणि त्यानं दाराकडे पाहिलं.

डॉक्टरांनी पुढे विचारलं नाही. "विषाणूचीच बाधा दिसते. साथ आहेच सध्या. वाफ देऊ. आकडा सुधारला की संध्याकाळी घरी न्या."

घरी न्या, हे ऐकून कुठल्याही आईला बरं वाटलं असतं. मी रेवतीच्या नाकातोंडावर मास्क धरून बसले. ती तो ढकलायला हात उचलायची आणि अर्ध्यातच हात पडायचा. आडदांड पोरगी माझी, औषध पाजायला दोघं लागायचे. आता एका हाताचाही विरोध नव्हता.

साथ होती, मान्य. पण साथ घरात येते ती एकेकाला गाठत, दोनचार दिवसांच्या अंतरानं. एकाच दुपारी बापाला आणि लेकीला, आणि दोघांना अगदी सारखं, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी डोळे मिटून घर पुन्हा बघायला लागले. दार. सोफा. जाळीचा पाळणा रिकामा, पोळीचा तुकडा तसाच. निघताना तिची बाटली घ्यायला मी क्षणभर स्वयंपाकघरात डोकावले होते, गॅसकडे न बघता. ओट्यावर ओल्या नॅपकिनवर बाटल्या उलट्या मांडलेल्या होत्या.

बाटल्या तर मी सकाळी पातेल्यात ठेवल्या होत्या.

"संदेश, बाटल्या पातेल्यातून कुणी काढल्या?"

तो शेजारच्या खुर्चीत भिंतीला डोकं टेकून बसला होता. "आईनं काढल्या असतील."

"आई बाटल्यांना हात लावत नाहीत. मी ओरडते म्हणून."

"मग मी काढल्या असतील. मला आत्ता काही विचारू नकोस, केतकी. छाती भरून आलीय."

त्याचे ओठ कोरडे पडले होते. मी मास्क नर्सच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन कर्णिक मॅडमना फोन लावला.

"पोचली ना टाकी?" त्यांनीच सुरुवात केली. "दगड ओले ठेवलेत ना?"

"मॅडम, त्या दगडांमुळे माणसं आजारी पडतात का?"

"काय होतंय?"

"ताप, खोकला, थंडी. तोंडाला पत्र्यासारखी चव. माझ्या नवऱ्याला आणि मुलीला. दोघांना एकदम."

"दगड उकळलेत तुम्ही?"

"नाही म्हणतोय तो."

"म्हणतोय म्हणजे? तुम्ही नव्हता घरी?"

"नव्हते."

"हे बघा, त्या बटणांत विष असतं. पाण्यात आपल्या जागी आहेत तोवर ती कुणाला काही करत नाहीत. घासली, उकळली, तर ते विष बाहेर येतं. वाफ झाली तर घरभर होतं. डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता सांगा. आणि घरात दुसरं कुणी आहे का? त्यांना आधी बाहेर काढा."

मी घरी फोन लावला. रिंग जात राहिली. जाते आहे, जाते आहे. मग सासूबाईंचा आवाज आला, जरा दमलेला.

"कशी आहे गो बाय?"

"आई, मोठं पातेलं कुठंय?"

"कुठला टोप? बाटल्यांचा?"

"हो, तोच."

"तो काय, गॅसवर. त्यात दगड टाकलेत संदेशनं. दोनच आहेत बघ, बाकीचे टबातच. माझ्या झिलाला एक काम पुरं करायला नको. पाणी गार झालं होतं, म्हटलं तुम्ही येईपर्यंत उकळून ठेवते, किड्यांचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे. आत्ताच गॅस लावला."

"आई, गॅस बंद करा."

"का गो?"

"बंद करा. पातेल्याला हात लावू नका. त्याच्यावर वाकू नका. सरळ घराबाहेर जा."

"वाईच लुगडं..."

"तशाच जा, आई. फोन कानालाच ठेवा."

बटण फिरल्याचा आवाज आला. मग चपलांशिवायची पावलं. मग लॅच. मग त्यांचं जिना उतरणं, दर पायरीला एक उसासा, गुडघ्यांना शिव्या. मी प्रत्येक उसाशात खोकला शोधत होते. भिंतीवर कुणीतरी लावलेलं लसीकरणाचं चित्र होतं, त्यातल्या हसऱ्या बाळाकडे मी बघत राहिले.

"खाली आले," त्या म्हणाल्या. "बाकावर बसलेय. काय झालंय काय?"

"खोकला येतोय? तोंडाला कसली चव लागते?"

"सकाळच्या मच्छीची लागतेय. पाणी तापलंसुद्धा नव्हतं गो. तू का रडतेस?"

मी रडतेय हे मला तोवर माहीत नव्हतं.

फोन ठेवून वळले तर संदेश मागे उभा होता. त्यानं किती ऐकलं ते मी विचारलं नाही. माझ्याकडे न बघता तो आत डॉ. बागुलांच्या टेबलापाशी गेला आणि टेबलाची कड धरून म्हणाला, "डॉक्टर, मी मघाशी खोटं बोललो. मी दगड उकळले. समुद्रातले. मुलगी तिथंच होती, स्वयंपाकघराच्या दारापाशी."

डॉक्टरांनी तसलं विष कधी पाहिलं नव्हतं, आणि तसं त्यांनी साफ सांगितलं. त्यांनी विषबाधेची माहिती देणाऱ्या केंद्राला फोन लावला, मी तिकडे कर्णिक मॅडमना. दोन फोन, मध्ये आम्ही. उतारा नव्हता. प्राणवायू द्यायचा, श्वास मोकळा ठेवायचा, हृदयावर लक्ष ठेवायचं, आणि वाट बघायची. घरी न्या हे शब्द पुन्हा निघाले नाहीत. संदेशला शेजारच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. रेवतीला आतल्या खोलीत नेलं, आणि मला पुन्हा काचेच्या अलीकडे उभं केलं.

आकडा चढायचा, उतरायचा. मी श्वास मोजत नव्हते. फक्त त्या बरगड्यांमधल्या खाचा बघत होते. पहाटेच्या सुमाराला खाचा उथळ झाल्यासारख्या वाटल्या. मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. नर्सला बोलावून विचारलं. तिनं मला आत घेतलं, पाहिलं आणि म्हणाली, "हो ताई, कमी आहेत." मग रेवतीनं डोळे न उघडता मास्क ओरबाडला, आणि धरून ठेवायला आम्ही दोघी लागलो.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना तिच्याजवळ बसवून मी संदेशकडे गेले. तो पलंगावर टेकून बसला होता, नाकात नळी. पायांत गोळे येत होते, सारखा पाय चोळत होता.

"कशी आहे?"

"नर्सच्या हाताला चावली."

त्यानं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"का उकळलेस?" मी विचारलं. "मरतील असं मॅडमनी सांगितलं होतं ना?"

"किड्यांसाठीच. त्या दोन दगडांतले किडे गेले तर तू टाकी राहू देशील असं वाटलं. दोन दगड गेले तर गेले. आणि विषाचं मला खरंच माहीत नव्हतं, केतकी."

"ते नाही विचारत. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा 'नाही' असं का म्हणालास?"

तो चादरीचा काठ चिमटीत धरून बसला. "तू परत आलीस की विचारणार होतीस. उकळलेस? सगळ्याला तेच विचारतेस. बाटली, चमचा, चोखणी. मी दर वेळी हो म्हणतो. निम्म्या वेळा उकळलेलं नसतं."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"बूड गार असतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "कधी बोलली नाहीस."

"मी पुन्हा उकळायचे. तू ऑफिसला गेल्यावर."

बाहेर कुणाची तरी ट्रॉली गेली.

"या वेळी मी खरंच उकळले," तो म्हणाला. "खळखळून. तू हात लावून बघितलं असतंस तरी चाललं असतं. तू येशील, विचारशील, आणि मी हो म्हणेन. एकदा तरी खरं. त्याचीच वाट बघत होतो. मग ही खोकायला लागली. मला वाटलं, सर्दी. पण आत कुठेतरी वाटलं, नाही. आणि डॉक्टरांनी तुझ्यासमोर विचारलं." त्याला धाप लागली. "तोंडातून नाहीच निघालं. रोज हो म्हणतो ना, तसंच."

मला पुष्कळ बोलायचं होतं. वाटेत येताना मी ते शब्दन् शब्द जुळवलं होतं. मी त्याच्या पायाशी बसले आणि गोळा आलेली पोटरी दाबायला लागले.

आम्ही दवाखान्यात असतानाच कर्णिक मॅडम आमच्या घरी जाऊन आल्या. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. खिडक्या सताड उघडल्या, पातेलं दगडांसकट पिशव्यांत गुंडाळून नेलं, टबातले बटणांचे दगडही नेले. मग दवाखान्यात आल्या आणि काचेतून रेवतीला बघत उभ्या राहिल्या.

"वर्गात शिकवताना मी हे कधी विसरले नाही," त्या म्हणाल्या. "देताना विसरले. टाकी मी परत नेते."

"राहू दे," मी म्हटलं. का म्हटलं ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. "बटणं नकोत. बाकी राहू दे."

घरी आलो त्या दिवशी टाकी हॉलमध्ये कोरडीच उभी होती. स्टँड बोल्टनं पक्का, वायरी वर, झाकण सोफ्यावर मी टाकलं होतं तिथंच. त्याचे कोपरे सुरेख गोल होते. खिडक्या उघड्या होत्या आणि सगळ्या घरावर समोरच्या बांधकामाची धूळ बसली होती. रेवती स्टँडला धरून उभी राहिली आणि तिनं काचेवर दोन्ही तळवे आपटले. मी तिचे हात धुवायला उठले, आणि बसले.

संदेश भिंतीचा आधार घेत घेत स्वयंपाकघरात गेला. नळ वाजला. दुधाचं पातेलं वाजलं. सासूबाई मला खुणेनं म्हणाल्या, जा ना, तो अजून बरा नाही. मी गेले नाही.

"उकळलीस?" मी हॉलमधून विचारलं. तोंडून गेलंच ते.

नळ बंद झाला.

"नाही," संदेश म्हणाला. "नुसती धुतलीय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मग उकळ," मी म्हटलं.

"बरं."

लायटर दोनदा वाजला. नवं पातेलं छोटं होतं, त्यात बाटली आडवी ठेवावी लागे, आणि पाणी तापलं की ती बाजूला आपटायची. तो टकटक आवाज यायला लागला आणि बराच वेळ येत राहिला. मग तो बाटली नॅपकिनमध्ये धरून बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. दाराकडे त्यानं पाहिलं नाही.

मी बाटली घेतली. रेवतीनं तोंड उघडलं. बुडाला बोट न लावता मी ती तिच्या तोंडात दिली.